न लढलेल्या केसची फी

आईला मी वकिलाशी भांडताना एकदाच पाहिलं. मिल बंद पडल्यावर थकलेल्या पगाराच्या केससाठी बाबांनी एका वकिलाला पूर्ण फी आगाऊ दिली होती. पण केस दाखल होण्याआधीच मिलशी समझोता झाला. बाबांना पैसे परत मागायचा संकोच, म्हणून आई मला घेऊन गेली.

"फीस वापस नहीं होती, बहनजी," वकीलसाहेब म्हणाले.

ऑफिसात चारपाच पक्षकार बसलेले. आई जागची हलली नाही. "ठीक है, तो केस लड़िए."

"अब किसके खिलाफ?"

"आपके खिलाफ. फीस तो भरी हुई है."

वकीलसाहेबांनी बसलेल्या पक्षकारांकडे एक नजर टाकली. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि पैसे दिले.

जिन्यात येताच आईनं माझा हात घट्ट धरला. "थांब जरा," म्हणाली, "पाय लटपटताहेत माझे."