दादांचा उपदेश

दाताच्या दवाखान्यात बसलेल्या नणंद-भावजयींचं बोलणं ऐकता ऐकता रिसेप्शनवरची पोरगी पुढचा नंबर पुकारायचंच विसरली, खरंच सांगते!

"वहिनी, चर्चमध्ये बायकांना पाळक करायचा ठराव एका मताने पडला?"

"एकाच, वन्सं."

"म्हणजे आपल्या पोरीची दीक्षा गेली! आणि दादांनी सख्ख्या लेकीविरुद्ध हात वर केला?"

"आधी उपदेशही ठोकला, बायकांनी पाळक का होऊ नये त्यावर."

"सगळी सभा गार झाली म्हणे. दादांना कुठून सुचलं एवढं?"

"त्यांना कुठलं सुचतंय? लग्नापासून त्यांचे सगळे उपदेश मीच लिहिते."

"अगं बाई! हासुद्धा?"

"लिहून दे म्हणाले. दिला, नेहमीसारखा."

"आणि पोरीला माहितीये?"

"समोरच बसली होती. पहिल्याच वाक्याला तिने वळून माझ्याकडे पाहिलं."