निळ्या फाटकासमोर लावलेली गाडी

जबाब देणारीचे नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे. वय ४४ वर्षे, व्यवसाय रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ, राहणार येथून गाडीने साडेचार तासांवरील शहरात, दुसरा मजला, आईसोबत.

मी आज रविवारी सकाळी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी आई, वय ७१, अशा दोघीच राहतो. माझी धाकटी बहीण, वय ३६, गेली सहा वर्षे या गावात राहून किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांना सर्फिंग शिकवते. इथे तिला सगळे मासोळी म्हणतात. तिने लग्न केलेले नाही, मीही केलेले नाही. कारण मात्र लोक मलाच विचारतात.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून तिला सकाळ-संध्याकाळ चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. अकरा महिन्यांनंतर ती काठी घेऊन जिन्यापर्यंत जाते. त्यापुढे चल म्हटले तर "तू छळतेस मला" असे म्हणून मागे वळते. पंधरा दिवसांपूर्वी धाकटीचा फोन आला की आईला समुद्रावर घेऊन ये. त्याच संध्याकाळी आईने बॅग भरली.

माझ्याकडे गाडी नसल्याने मी शनिवारसाठी एक लहान पांढरी गाडी भाड्याने घेतली. सकाळी साडेसहाला निघालो. गाडी मीच चालवत होते. वाटेत आई दोनदा म्हणाली की धाकटी चालवत असती तर एव्हाना पोचलो असतो.

गावात ११ वाजून १० मिनिटांनी पोचलो. धाकटी रस्त्यावर उभी होती, केस ओले होते. तिने आईला गाडीतून उतरवून घट्ट मिठी मारली. आईचा ब्लाउज भिजला. घरी मी ओल्या हाताने धरलेले आईला चालत नाही.

धाकटी मला म्हणाली, "ताई, तू गाडी लावून ये ना. तोवर मी आईला खाली नेते."

काठी मागच्या सीटवर होती. मी काच खाली करून हाक मारली, "आई, काठी!"

आई मागे न बघता म्हणाली, "असू दे गं, ही आहे ना."

गावात एकच अरुंद रस्ता आहे. दोन्ही बाजूंना टपावर सर्फिंगचे बोर्ड बांधलेल्या गाड्या उभ्या होत्या. कुठेही जागा नव्हती. मी तीन फेऱ्या मारल्या. दर फेरीला वळणावरून किनारा दिसत होता. पहिल्या फेरीत आई चपला हातात घेऊन वाळूत चालत होती. दुसऱ्या फेरीत ती गुडघाभर पाण्यात होती. तिसऱ्या फेरीत ती बोर्डवर पालथी पडली होती, धाकटीने तिला बाजूने धरले होते आणि आई हसत होती. काच वर केलेली असल्याने आवाज आला नाही. हसताना कवळी दिसते म्हणून आई घरी तोंडावर हात धरते. तिथे धरला नव्हता.

तिसऱ्या फेरीनंतर बेकरीपुढची एक गाडी निघाली. तिच्या चालकाने मला जागा घ्या म्हणून हाताने खूणही केली. मी ती जागा घेतली नाही, कारण तिथून किनारा दिसला नसता. उताराच्या टोकाला निळे लोखंडी फाटक आहे, त्याला लागून मी गाडी उभी केली. वेळ ११ वाजून ५० मिनिटे.

मी गाडीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. धाकटीचे विद्यार्थी आईभोवती जमले होते व टाळ्या वाजवत होते. मला धाकटीचा फोन आला, तो मी कापला. पुन्हा आला, तोही कापला. मग फोनचा आवाज बंद करून, गाडीला कुलूप लावून, किल्ली घेऊन मी मागच्या गल्लीतल्या कॉफीच्या टपरीवर जाऊन बसले. मला शोधायला कोणीतरी वर यावे, असे मला वाटत होते. शक्यतो आई.

यापुढचे पाण्यातले मी पाहिलेले नाही. जीवरक्षकाने सांगितले ते असे. १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास पाण्याला एकदम ओढ लागली व आईचा बोर्ड आत जाऊ लागला. धाकटीने पोहत जाऊन आईला एका विद्यार्थ्याच्या हाती दिले. तेवढ्यात मागून आलेला बोर्ड तिच्या कपाळावर आदळला व ती खडकांच्या पलीकडे ओढली गेली. बचावाची बोट लावलेली जीप निळ्या फाटकाच्या आत होती. बाहेर माझी गाडी होती. त्यांनी हॉर्न वाजवला, शिट्ट्या मारल्या, शेवटी वल्ह्याने काच फोडून हॅन्डब्रेक सोडला व चौघांनी गाडी ढकलली. यात सहा मिनिटे गेली. धाकटीला बोटीत घेतले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

काल दुपारी दीड वाजता मी याच ठाण्यात येऊन जीवरक्षकाने गाडीची काच फोडल्याची तोंडी तक्रार केली होती. फाटकावर पाटी नव्हती, असेही म्हणाले होते. ते खरे नाही. फाटकावर "बचाव वाहनाचा मार्ग, समोर गाडी लावू नये" असे लाल रंगात, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेले आहे. इंजिन बंद करण्याआधी मी ते वाचले होते. तक्रार मी मागे घेते.

हॉर्न व शिट्ट्या ऐकू आल्या का, असे विचारल्यावरून सांगते की, आल्या. ओरडणेही आले. मला वाटले, धाकटीचेच काहीतरी कौतुक चालले आहे. मी कॉफी संपवली. मग टपरीवाली बाई म्हणाली, "अहो, आपली मासोळी बुडतेय," आणि पदराला हात पुसत पळाली. तिच्या मागोमाग मी गेले.

धाकटी इस्पितळात आहे. कपाळाला सात टाके आहेत व ऑक्सिजन लावलेला आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ती वाचली आहे, फुप्फुसाचे दोन दिवसांनी कळेल. आईला काही झालेले नाही. ती रात्रभर पलंगाजवळच्या स्टुलावर ताठ बसून होती. कंबर दुखेल, खाटेवर पड, असे मी तीनदा म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. त्या वेळी, धाकटीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना, माझ्या मनात आले की माझ्यासाठी ही अशी बसली असती का. हे लिहून घ्यायची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी लिहा म्हटले.

आज सकाळी धाकटीने डोळे उघडले. बोलायला त्रास होत होता. तिने खुणेने मला जवळ बोलावले व मास्क बाजूला करून विचारले, "ताई, मिळाली का गं शेवटी जागा?"

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, "मी सांगायला फोन करत होते. आमच्या क्लासच्या अंगणात तुझ्यासाठी जागा धरून ठेवली होती."

तिला फाटकाचे कोणी सांगितलेले नाही. हा जबाब तिला वाचायला मिळेल का, असे मी विचारले. मागितला तर मिळेल, असे सांगण्यात आले. तरीही यातले काही गाळू नये.

एवढेच मला सांगायचे आहे. लिहिलेले सगळे मला सावकाश वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करते.