लॉबीतल्या फळ्याबाबत

मी, अनुजा दत्ताराम पाताडे, वय ५३ वर्षे, व्यवसाय विमा कार्यालयात नोकरी, राहणार भगवती टॉवर, अकरावा मजला, लालबाग, मुंबई. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर पूर्वी आमची चाळ होती. जिन्याखाली एक फळा होता. कोणी गेले की त्यावर खडूने नाव आणि नेण्याची वेळ लिहीत. येणारा-जाणारा वाचे आणि त्या घरी जाई. टॉवर झाल्यावर लॉबीच्या संगमरवराला फळा शोभत नाही म्हणून सोसायटीचे सचिव जयवंत घाडी यांनी तो ऑफिसात टाकला आणि फेसबुकवर पेज काढले.

माझी आई कांता या महिन्यात परळच्या हॉस्पिटलात वारली. घरात आम्ही दोघीच. चाळीत बाई गेली की तिला शेवटची आंघोळ माझी आई घालायची. फळा वाचून आपली आपण जायची. म्हणून मी तिला हॉस्पिटलातून घरी आणले. जयवंत म्हणाले, "अनुजाताई, टेन्शन नको घेऊस. पेजवर टाकलंय, सगळ्या बिल्डिंगला दिसेल."

मी पाणी तापवून वाट पाहिली. पाणी दोनदा निवले. एकही बाई आली नाही. आंघोळ मी एकटीने घातली. नेताना शववाहिनीचा ड्रायव्हर, त्याचा मदतनीस आणि आमचा वॉचमन असे तीन खांदे होते. चौथा माझा.

दारोदार का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगते की, मयताचे आमंत्रण द्यायची आमच्यात पद्धत नाही. बातमी कळली की माणसे येतात, असा माझा समज होता.

नंतर जयवंत यांना जाब विचारला. ते म्हणाले, "आपण फक्त टाकतो गं. कोणाला दाखवायचं ते मशीन ठरवतं. पब्लिक जिथे थांबते तेच ते पुढे ढकलतं. मयताच्या पोस्टवर कोण थांबणार?" मी पाणी तापवून वाट पाहत होते त्याच दुपारी, त्याच पेजवर, तिसऱ्या मजल्यावरच्या रुचाने मांजराला फेटा बांधल्याचा व्हिडिओ टाकला होता. तो सगळ्या इमारतीने पाहिला. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने आमच्या शेजाऱ्यांची लायकी बरोबर ओळखली. मी जन्मापासून त्यांच्यात राहते, मला ती ओळखता आली नव्हती.

चार दिवसांनी कोणीतरी त्या पोस्टखाली रडका चेहरा चिकटवला, त्यावर उत्तरे आली, आणि मग मशीनने ती सगळ्यांना दाखवली. ज्यांना लिफ्टचे एक बटण दाबून वर येववत नाही, त्यांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. काही बायका हार घेऊन दारात आल्या. नवव्या मजल्यावरच्या राधाकाकूंनी विचारले, "गो बाय माझ्या, कधी न्हेतले तिका?" मी म्हटले, "नेली, चार दिवस झाले. हार घरच्या देवाला घाला."

बाराव्यासाठी मी फळा मागितला. जयवंत म्हणाले, "पेजवर टाकूया ना." म्हणून मी बत्त्याने ऑफिसचे कुलूप फोडले, फळा काढला आणि लिफ्टशेजारी खिळे ठोकून लावला. संगमरवराला तडा गेला, ही त्यांची तक्रार खरी आहे. भरपाई देईन. वाईट मात्र वाटलेले नाही.

फळ्यावर मी पुढीलप्रमाणे लिहिले: "कै. कांता दत्ताराम पाताडे यांचा बारावा रविवारी दुपारी. कोणीही येऊ नये." लिफ्टची वाट पाहणारा प्रत्येकजण तो वाचत होता, हे मी जाता-येता पाहिले.

काल बारावा झाला. मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला होता आणि दार उघडे ठेवले होते. कोणीही आले नाही. म्हणजे फळा अजून चालतो.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरवला आहे.