ओली पट्टी

(डिंडोली. रविवारची दुपार. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये काम करणारी गायत्री आणि रंगखात्यातच म्हातारे झालेले तिचे वडील चिंधा जेवायला बसले आहेत.)

गायत्री : आबा, मे महिन्यात फुल बाह्या? जेवताना तरी वर करा.

चिंधा : राहू दे. थंडी वाजस माले.

गायत्री : चाळीस डिग्रीत? दाखवा हात. अगं बाई! हे चट्टे कसले?

चिंधा : घामोळं शे. तू जेव ना पोरी.

गायत्री : घामोळं असं पट्टीसारखं येतं? परवा तुम्हाला दाखवायला माझ्या नव्या रंगाचा कापडाचा तुकडा आणला होता, तो कुठाय?

चिंधा : ओला करीसन बांधा व्हता. दोन दिन. आमना जुना मास्तर नवा रंग आला का पहिले सोताच्या मनगटाले ओली पट्टी बांधे, मंगच माणसांना हात लावू दे. तुना रंग, म्हणून मी बांधा.

गायत्री : अहो, तो धुतलेलासुद्धा नव्हता! आम्ही तपासलं ते धुऊन सुकवलेलं कापड. त्वचेला काही होत नाही, असा रिपोर्ट दिलाय मी.

चिंधा : बरोबर दिला. गिऱ्हाईकाले सुकं मिळस. ओलं आम्हले.

गायत्री : हे मला सुचलंच नाही. रंगाऱ्याची पोरगी असून! लाज वाटते मला.

चिंधा : जाऊ दे ना. उद्या तुना रंग मशीनवर चढणार. अर्धं पाणी वाचस, मोठा सायेब तुनं नाव घेस. कोणले सांगू नको.

गायत्री : उद्या चढत नाही. मोठ्या साहेबांना, भूपेंद्रसरांना, आत्ता फोन लावते.

चिंधा : येडी शे का? दोन वरीस गयात तुना त्यामा!

गायत्री : आणखी तीन महिने जातील. पाणी वाचवायचं मला जमलं, हात वाचवायचंही जमेल. ते काही माझ्या आवाक्याबाहेर नाही.

चिंधा : आन् सायेब बोंबलना तर?

गायत्री : बोंबलू दे. खाली रंगखात्यात चाळीस माणसं ते ओलं कापड उघड्या हातांनी उचलणार, आणि तुमच्यासारखीच बाह्या ओढून गप्प बसणार. मग माझा रिपोर्ट काय चाटायचाय?

चिंधा : मंग सुधारशी तव्हय दुसऱ्या हाताले बांधू?

गायत्री : खबरदार! आणि आता खरं सांगा. खाजतं ना?

चिंधा : तीस वरीस रंगमा हात व्हतात मना. असं कोणी इचारं नही.

गायत्री : मी विचारतेय.

चिंधा : ...खाजस, बेटा. भलतं खाजस.