शेपटीवरचं शेवटचं चिन्ह

हसू नका, माझा श्वास खरोखरच अडकला होता. पुतणी वैमानिक झालेली, नोकरीवर रुजू व्हायला निघालेली, गाडी दारात उभी. तिला द्यायच्या विमानाच्या मॉडेलवर फक्त शेपटीचं चिन्ह लावायचं उरलेलं. ते स्टिकरसारखं, पण पाण्यात भिजवून कागदावरून शेपटीवर सरकवायचं, कांद्याच्या सालीहून पातळ. आधीची दोन फाटली होती, हे शेवटचं. मी श्वास रोखून ब्रशने सरकवत होतो, अर्धं बसलंही होतं.

इतक्यात पडवीत बाबांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आमचां चेडू इमान चलवक जाता हा, तेका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी ओठ मिटून ब्रश सरकवत राहिलो.

बाबा थांबले. "एक आवाज कमी इलो. कोण तो?"

"भावजी आत आसत," वहिनी म्हणाली.

"तो म्हणल्याशिवाय मी फुडे जावचंय नाय."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुतणी ओरडली, "काका, म्हण रे!" मी तोंड मिटून मान हलवली, पण ती बाहेर कुणाला दिसणार? बाबा पुन्हा कडाडले, "म्हाराजा!" आणि लहानपणापासूनच्या सवयीने माझ्या छातीतला सगळा श्वास एकदम सुटला. "व्हय म्हाराजा!"

चिन्ह उडालं आणि वाटीतल्या पाण्यात पडून त्याचा गोळा झाला.

बोडक्या शेपटीचं विमान घेऊन मी तणतणत बाहेर आलो. "बाबानू, तुमच्या गाऱ्हाण्यापायी माझ्या इमानाची वाट लागली!"

बाबांनी शांतपणे नारळ उचलला. "गाऱ्हाणां तिच्या इमानासाठी होतां. तुझ्या इमानाचां माका सांगलंस खंय?"