भिवा गुरुजींची फियाट

(जालना, मस्तगड. सोमेश्वरचं गॅरेज. जुन्या फियाटचं बॉनेट उघडं आहे.)

सोमेश्वर : भंगारवाल्याला आज नका बोलवू, संध्याताई. इंजिन गेलंय असं मला तरी दिसून न्हाई राह्यलं.

संध्या : अहो, इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात असं फोनवर तुम्हीच म्हणाला होतात ना?

सोमेश्वर : म्हणलो व्हतो. तुम्ही सांगितलं, धूर निघून राह्यला, ऑईल गळून राह्यलं. न बघता बोललो, ती माझी चूक. आता चारी सिलिंडरला गेज लावून बघितला, कॉम्प्रेशन, म्हंजे आतला दाब, बराबर हाय. रिंगा झिजल्या असत्या तर काटा इतका चढलाच नसता.

संध्या : मग हसनाबादला बाबांच्या अंगणात ऑईलचं थारोळं साचतं, ते कशाचं?

सोमेश्वर : तेच पाहू. बसा आत, चालू करा. रेस नका देऊ... हां. आता मी ऑईलचं झाकण ढिलं करतो. आलं ऐकू?

संध्या : फुस्स झालं. सायकलची हवा सोडल्यासारखं.

सोमेश्वर : आन् ही ऑईल मोजायची कांडी बघा, आपोआप वर उचलली. आत वाफ कोंडून राह्यली. सिलिंडरमधून थोडीफार वाफ खाली ऑईलकडं उतरतीच, नव्या गाडीतबी. तिला बाहेर जायला नळी असती. ती बंद झाली की वाफ ऑईलला सीलमधून बाहेर ढकलती. ते पडतं तापल्या सायलेन्सरवर, त्याचा हा धूर. बंद करा गाडी, या इकडं.

संध्या : कुठली नळी?

सोमेश्वर : ही, रबराची. हिचं टोक एअर फिल्टरला पाहिजे, तर सुटून खाली लोंबतंय. थांबा, आत काहीतरी हाय. ती पकड द्या... घ्या! फडक्याचा बोळा. चांगला दाबून कोंबलाय. गुरुजींचं काम न्हाई हे, ते तर गाडीला लेकरासारखं... ताई? काय झालं?

संध्या : माझी ओढणी आहे ती. फाटली होती, तिचा तुकडा.

सोमेश्वर : तुमची?

संध्या : आईला दम लागला होता, दवाखान्यात नेत होतो. गाडीत सगळा ऑईलचा वास, ती खोकून खोकून निळी पडली. बाबा रस्त्यात औषध आणायला उतरले. मी बॉनेट उघडलं, तर या नळीतून धूर येत होता. दिला बोळा कोंबून. वास थांबला, आई सावरली. नंतर माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

सोमेश्वर : मायसाठी केलं. त्याचं काय मनाला लावून घेता?

संध्या : त्याचं नाही हो. पुढं गळती लागली ना, तेव्हा मी बाबांना बोलले. ऑईल न बघता गाडी काढता, झाकण नीट लावत नाही. ते म्हणत होते, मी बघितलं होतं. मी म्हणाले, बाबा, तुमचं डोकं आता काम करत नाही. पाहुण्यांसमोर. वस्तीतल्या कितीतरी पोरींची पाठवणी त्यांनी याच गाडीतून केली, आणि मी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली.

सोमेश्वर : मंग? काय म्हणले गुरुजी?

संध्या : आता गोळी घेतली का, हेसुद्धा आईला विचारतात. विहारात वंदना घ्यायला जात नाहीत. मधेच विसरलो तर, म्हणतात.

सोमेश्वर : नळी जोडली. करा चालू. हे बघा, झाकणाच्या जागी कागद ठेवला. उडत न्हाई, उलट चिकटून बसला. सील तेवढे बदलावे लागतील, बस.

संध्या : बाबांना फोन लावते. तुम्ही बोलता का? नळीत कचरा अडकला होता, असं सांगा.

सोमेश्वर : सांगतो की. कचराच म्हणू ना?

संध्या : ... नको. राहू द्या, मीच बोलते. हॅलो, बाबा? जेवलात?

भिवा गुरुजी : जेवलो असंल. तुझी आई ताटं धून राह्यली.

संध्या : बाबा, इंजिन चांगलं आहे. नळीत फडकं अडकलं होतं. मी कोंबलं होतं, आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी. त्यानंच गळत होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं.

भिवा गुरुजी : म्हंजे मी ऑईल बघितलं व्हतं?

संध्या : बघितलं होतं, बाबा.

भिवा गुरुजी : मलाबी तसंच आठवत व्हतं. पर तू म्हणली, मंग मला वाटलं, आपल्याला आठवतं तेबी खरं नसंल.

संध्या : बाबा, मी...

भिवा गुरुजी : रडू नको. सोमेश्वरला म्हणावं, गडबड करू नको, सील बराबर बसू दे.

संध्या : हो. आईला सांगा ना. आत्ताच सांगा.

भिवा गुरुजी : तूच सांग, बाई. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई.