आतल्या कॉम्प्युटरची चावी

शांतलिंग : ...तर सोलापूरच्या दवाखान्यातनं फोन आला, तुझी मामी गेली म्हनून. म्या भरतकामाची मशीन तिथंच थांबवली. तवापासनं ब्लाउजची पाठ फ्रेममधी तशीच हाय बघ, शिवांजली.

शिवांजली : आणि कुणाला काढूही देत नाही तुम्ही, मामा.

शांतलिंग : कापड हललं तर पुढचा टाका जागेवर बसत न्हाय. हर्षालीचा बाप बसप्पा म्हनतोय, पोरीच्या लग्नाला उमरग्यातनं दुसरं घेतो. म्या न्हाय म्हनलो. पोरीनं करडईची फुलं तुझ्या मामीलाच सांगितली हुती.

शिवांजली : मग मामीचं डिझाईन उघडलंच पाहिजे. तिचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून मी नव्यावर लिनक्स टाकलं आणि त्याच्या आत मामीचं विंडोज चालवलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा.

शांतलिंग : पोटातला चालतोय की.

शिवांजली : चालतोय. पण भरतकामाचा प्रोग्राम उघडायला ही पेनड्राइव्हसारखी यूएसबीची चावी मागतोय. आणि चावी बाहेरचाच कॉम्प्युटर धरून बसतो, आत जाऊ देत नाही.

शांतलिंग : सासूच म्हन की. सुनेच्या माहेरची पिशवी दारातच काढून घेतली.

शिवांजली : अगदी! आता सांगितलंय त्याला, या ओळख-नंबरची चावी आली की आत सोड. लावा बघू.

शांतलिंग : लावली.

शिवांजली : आली... आत दिसली... गेली! सकाळपासून हेच चाललंय. काढून परत लावा. तिच्या दिव्याकडं बघा.

शांतलिंग : लागला. आता इझला. परत लागला. म्या हात न्हाय लावला बरं का.

शिवांजली : थांबा, कॉम्प्युटरच्या नोंदी बघते. अस्सं! आत गेली की ती स्वतःच बंद होऊन परत चालू होते, आणि दुसऱ्यांदा वेगळाच नंबर सांगते. मी पहिलाच नंबर दिला होता.

शांतलिंग : मंजे चावी खराब न्हाय?

शिवांजली : चावी चांगली आहे. माझंच चुकलं. नंबर नकोच. या खाचेत जे लागेल ते सगळं आत, असं करते. हं, लावा.

शांतलिंग : तू लाव. म्या पडद्याकडं बघतो.

शिवांजली : उघडलं, मामा.

शांतलिंग : आगं! हीच बघ तिची फुलं. पाकळ्या अशा इस्कटलेल्या तीच काढायची. म्या म्हनायचो, सरळ काढ. तर म्हनायची, करडईत कधी हात घातलाय का तुमी?

शिवांजली : थांबलं तिथून पुढं शिवू का, विचारतंय.

शांतलिंग : शिव म्हन. न्हाय, थांब. फुलं झालीत. आता देठांना हिरवा धागा लावायचा.

शिवांजली : कुठला लावू?

शांतलिंग : ते तीच सांगायची. दवाखान्यातनंबी फोनवर सांगायची.

शिवांजली : आता तुम्ही सांगा.

शांतलिंग : मला सगळे हिरवे सारखेच दिसत्यात गं.

शिवांजली : मग डबा दारात नेऊ. उजेडात एकेक धागा मोबाईलवरच्या करडईच्या फोटोशेजारी धरून बघू.

शांतलिंग : ने. आन् बसप्पाला फोन लाव. म्हनावं, दुसरं घिऊ नको. देठं तेवढी राहिलीत.